हृदय, परिश्रम आणि दिनचर्या

जयपूर शहराच्या आग्नेयेस, दिल्लीकडे जाणाऱ्या लोहमार्गाला लागून, जगतपुरा नावाचे उपनगर आहे. काही दशकांपूर्वी येथे शेते आणि लहान लहान गावे होती. पुढे शहर विमानतळाच्या बाजूने वाढत गेले, आणि आज त्या ठिकाणी बहुमजली इमारती, महाविद्यालये, रुग्णालये व बाजारपेठा उभ्या आहेत.

हा पालट केवळ जमिनीचा नव्हे, तो माणसाच्या दिवसाचाही आहे. शेतकरी कुटुंबातील स्त्री पूर्वी पहाटे दळण दळी, विहिरीवरून पाणी आणी, गुरांचे वैरणपाणी पाही. पुरुष शेतात राबे आणि बाजाराला पायी जाई. आज त्याच जागी राहणाऱ्या कुटुंबाला पाणी नळाने मिळते आणि पीठ गिरणीतून येते. घरातील कमावते माणूस लिफ्टने खाली उतरते, दुचाकीवर बसून कचेरीत जाते, तेथे सात-आठ तास खुर्चीत घालवते आणि पुन्हा दुचाकीने व लिफ्टने घरी परतते. उरलेली संध्याकाळ दूरचित्रवाणीसमोर किंवा मोबाइल हातात घेऊन बसण्यात सरते.

कष्ट कमी झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. जात्याचे गोडवे गाणे सोपे असले तरी जाते ओढणे सोपे नव्हते. परंतु त्या कष्टांबरोबर एक मोलाची वस्तूही नकळत निघून गेली. ती म्हणजे हृदयाला न मागता रोज मिळणारा व्यायाम. पुण्याजवळील हिंजवडी किंवा वाघोली, अथवा आपल्या जिल्ह्याच्या शहराला नव्याने जोडलेले एखादे गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जगतपुऱ्याची ही हकीकत आपलीच वाटेल. गेलेली ती वस्तू परत कशी मिळवावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

जयपूरच्या पाहण्या

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास खुद्द जयपुरात झाला आहे. डॉ. राजीव गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात राजस्थानच्या ग्रामीण भागातील तीन हजारांहून अधिक, आणि जयपूर शहरातील दोन हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांची तपासणी केली. प्रत्येकाची विचारपूस करण्यात आली, रक्तदाब मोजण्यात आला आणि हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्यात आला. हृदयाच्या रोहिण्या अरुंद झाल्याने होणारा विकार ग्रामीण भागात दर शंभरी सुमारे साडेतीन माणसांत आढळला, तर शहरात दर शंभरी सुमारे साडेसात माणसांत. म्हणजे शहरातील प्रमाण दुपटीहून अधिक होते.

पुढे ‘जयपूर हार्ट वॉच’ या नावाने अशा पाहण्या शहरात पुनःपुन्हा घेण्यात आल्या. सुमारे वीस वर्षांच्या त्या मालिकेत नागरिकांचा स्थूलपणा, विशेषतः पोटाचा घेर, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल वाढत गेल्याचे दिसले. धूम्रपान मात्र काहीसे घटले.

या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. खेडे आणि शहर यांत केवळ श्रमाचा फरक नसतो. आहार, वजन, झोप, मनावरचा ताण, हवा या सर्वच बाबतींत ती भिन्न असतात. शिवाय खेड्यातील माणूस निर्धास्त आहे असेही नाही. ग्रामीण पाहणीचा जो वृत्तान्त १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शिक्षण न मिळालेल्या अथवा अल्पशिक्षित लोकांत हृदयविकार, धूम्रपान व उच्च रक्तदाब यांचे प्रमाण सुशिक्षितांपेक्षा अधिक आढळले. दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या तोंडी बिडी असेल, तर त्याचे श्रम त्याला पुरेसे तारू शकत नाहीत. हृदयविकार हा श्रीमंतांचा व शहरवासीयांचा रोग आहे, ही समजूत म्हणूनच सोडून दिली पाहिजे.

या विषयाचे गांभीर्य आणखी एका अभ्यासावरून कळते. ‘इंटरहार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५२ देशांतील रुग्णांची तुलना निरोगी माणसांशी करण्यात आली होती. धूम्रपान, रक्तातील दूषित मेद, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मनावरचा ताण, फळे व भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय अशा नऊ गोष्टींच्या आधारे हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका उलगडता येतो, असे त्यात दिसून आले. याच संशोधनातील दक्षिण आशियाई रुग्णांपैकी निम्म्यांना पहिला झटका वयाच्या सुमारे ५३ व्या वर्षापर्यंतच आला होता. इतर प्रदेशांत हे वय सुमारे ५९ होते. सहा वर्षांचे हे अंतर ज्या घरातील मुलांचे शिक्षण अजून पुरे व्हावयाचे आहे, त्या घरालाच विचारावे. मात्र वर सांगितलेल्या नऊ गोष्टींपैकी बहुतेक आपल्या हातातील आहेत, ही यातील आशेची बाजू होय.

हृदयाचे काम आणि हृदयाची विश्रांती

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा एक पोकळ स्नायू. विश्रांत अवस्थेत तो मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावतो आणि प्रत्येक ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतो. हिशेब केला तर मिनिटाला ५ लिटर, आणि दिवसाला ७,००० लिटरांहून अधिक रक्त तो फिरवतो. दिवसभरातील ठोक्यांची संख्या एक लाखावर जाते.

हृदय जन्मभर विश्रांती घेत नाही, असे आपण म्हणतो. ते अक्षरशः खरे नाही. मिनिटाला ७२ ठोके पडत असताना एका ठोक्यास सुमारे ०.८ सेकंद लागतो. त्यापैकी ०.३ सेकंद आकुंचनाचा आणि ०.५ सेकंद प्रसरणाचा असतो. हे प्रसरण हीच हृदयाची विश्रांती, आणि हीच त्याची जेवणाची वेळ. कारण हृदयाच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या ज्या खास रोहिण्या आहेत, त्यांतून डाव्या बाजूच्या जाड भिंतीला होणारा रक्तप्रवाह मुख्यतः प्रसरणाच्या काळातच चालतो. आकुंचनाच्या वेळी स्नायू आवळला जातो आणि त्यातील वाहिन्या दाबल्या जातात.

हृदयाच्या स्नायूचा आणखी एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. हातापायांचे स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातील प्राणवायूचा थोडाच भाग घेतात. गरज पडली तर त्याच रक्तातून ते अधिक प्राणवायू काढून घेऊ शकतात. हृदयाचा स्नायू मात्र स्वस्थ बसलेले असतानाही आपल्याकडे येणाऱ्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू शोषून घेतो. काम वाढले तर त्याला अधिक रक्तच लागते, दुसरा मार्ग नसतो. म्हणून त्याच्या रोहिण्या अरुंद झाल्या की जिना चढताना, किंवा गाडी गाठण्यासाठी धावताना, छातीत दुखू लागते.

रोहिण्या अरुंद होण्याची क्रिया तरुणपणीच सुरू होते. रक्तातील कोलेस्टेरॉल त्यांच्या अस्तराखाली साठते, तेथे दाह होतो आणि हळूहळू एक गाठ तयार होते. धूर, उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेली साखर यांमुळे अस्तराला इजा होऊन या क्रियेस वेग येतो. पुढे एखाद्या दिवशी ती गाठ फुटते, तिच्यावर रक्त गोठते आणि रोहिणी बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका. झटका क्षणात येतो, परंतु त्याची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते.

आता व्यायामाने काय होते ते पाहू. श्रमाच्या वेळी रक्ताचा प्रवाह वाढतो. वाढलेल्या प्रवाहाच्या स्पर्शाने रोहिण्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते आणि त्यामुळे रोहिण्या सैल पडतात. या वायूच्या कार्यासंबंधीच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोजच्या व्यायामाने अस्तराचा हा गुण टिकून राहतो आणि रक्तदाब काही अंशांनी उतरतो. स्नायू रक्तातील साखर अधिक सहजतेने वापरू लागतात, रक्तातील घातक मेद घटतो, आणि हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त ढकलण्यास शिकते. साहजिकच तेवढ्याच कामाला त्याला कमी ठोके पुरतात.

एक ढोबळ हिशेब करू. समजा, एखाद्याचे विश्रांतीतील ठोके मिनिटाला ८० आहेत. तो रोज अर्धा तास झपझप चालू लागला. त्या अर्ध्या तासात ठोके ११० पर्यंत गेले, तर ९०० ठोके जादा पडले. काही महिन्यांत त्याचे विश्रांतीतील ठोके ८० वरून ७५ वर आले, तर उरलेल्या साडेतेवीस तासांत ७,०५० ठोके वाचले. हृदयाचे आरोग्य केवळ ठोक्यांच्या संख्येवर ठरत नाही हे खरे. तरीही व्यायामाने हृदय झिजते, ही भीती किती निराधार आहे हे या हिशेबावरून कळते. थोड्या वेळाच्या श्रमाने हृदय आपली दिवसभराची विश्रांती वाढवून घेते.

चालक आणि वाहक

व्यायाम आणि हृदय यांचा संबंध शास्त्रीय रीतीने प्रथम लंडनच्या बसगाड्यांत ध्यानात आला. मुंबईच्या दुमजली बसगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तेथील चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. चालक दिवसभर आपल्या आसनावर बसलेला असे, तर वाहक तिकिटे देत सारखा खालीवर ये-जा करी आणि दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी या दोन वर्गांची तुलना करून १९५३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच संस्थेत नोकरीस असलेल्या या दोघांपैकी वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो तितका घातक नसे. टपालखात्यातही पायी किंवा सायकलीवर हिंडून पत्रे वाटणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांपेक्षा सुस्थितीत आढळले.

यावर एक शंका निघते. मुळातच स्थूल असलेले लोक चालकाची नोकरी पत्करीत नसतील कशावरून? मॉरिस यांनी ही शंका स्वतःच तपासली. त्यांनी गणवेशांची मापे मिळवली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा खरोखरच अधिक होता. म्हणजे शंकेत तथ्य होते, आणि एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नव्हते. परंतु पुढील दशकांत निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या पद्धतींनी अभ्यास झाले आणि त्या सर्वांचा कौल एकाच दिशेने पडला. अमेरिकेत डॉ. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. विद्यार्थिदशेत नामांकित खेळाडू असूनही पुढे ज्यांनी व्यायाम सोडला, त्यांना जुन्या खेळाचा लाभ राहिला नाही. ज्यांनी तरुणपणी मैदान पाहिले नव्हते, पण पुढे नेमाने श्रम केले, त्यांना तो मिळाला. व्यायाम साठवून ठेवता येत नाही आणि उशिरा सुरू केल्याने वायाही जात नाही, हा त्याचा बोध होय.

अंथरुणावरील तीन आठवडे

याच्या उलट बाजूचा प्रयोगही उद्बोधक आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डलास येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. तीन आठवड्यांनंतर त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटली होती. त्यानंतरच्या आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून निघाली. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी क्षमता घटली होती, त्याहून अधिक ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या निष्क्रियतेने घटलेली होती. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो, त्यातील बराचसा भाग वयाचा नसून बसून राहण्याचा असतो, असाच याचा अर्थ नव्हे काय?

किती श्रम, आणि कोणते?

व्यायाम म्हटला की तालीम, मैदान किंवा व्यायामशाळेची वर्गणी आठवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका अभ्यासात महाराष्ट्रासह देशातील चार भागांची पाहणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक प्रौढ व्यक्तींची हालचाल अपुरी होती, आणि केवळ आवड म्हणून खेळणारे वा व्यायाम करणारे लोक शंभरात दहासुद्धा नव्हते. आपल्या समाजात, विशेषतः स्त्रियांना, व्यायामासाठी वेगळा वेळ व वेगळी जागा मिळणे किती दुर्मीळ आहे, हे यावरून दिसते.

तथापि हृदयाला श्रमाची जागा कळत नाही. ‘प्युअर’ नावाच्या एका मोठ्या संशोधनात १७ देशांतील सुमारे १ लाख ३० हजार व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेण्यात आला. भारतातील ज्या केंद्रांतून ही माहिती जमवली गेली, त्यांत जयपूरही होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, हालचाल खेळातून होवो, कामावर पायी जाण्याने होवो अथवा घरकामातून होवो, ती करणाऱ्यांत मृत्यूचे व हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी पुढील प्रमाण सुचविले आहे. आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रम. त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. आणि बसून राहण्याचा काळ शक्य तितका कमी. मुलामुलींसाठी रोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत. मध्यम श्रम ओळखण्यास यंत्र लागत नाही. चालता चालता सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला म्हणजे श्रम मध्यम झाले. बोलणेही तुटू लागले की ते जोरकस होत.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. या आकड्याचा उगम १९६५ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या, पावले मोजणाऱ्या एका उपकरणाच्या नावात आहे, वैद्यकीय प्रयोगात नव्हे. त्याहून पुष्कळ कमी पावलांतही लाभ सुरू होतो. जो मुळीच चालत नाही, त्याला पहिल्या पंधरा मिनिटांचा लाभ सर्वांत मोठा.

दिवसाची मांडणी

गेलेला श्रम परत आणावयाचा, तर त्याला दिवसात ठरलेली जागा दिली पाहिजे. ‘वेळ मिळाला तर’ या शब्दांवर सोपवलेला व्यायाम बहुधा होत नाही.

जगतपुऱ्याचेच उदाहरण पुढे चालवू. तेथील रहिवाशाला जवाहर सर्कलचे विस्तीर्ण वर्तुळाकार उद्यान फार दूर नाही. पण तेवढ्यासाठी दुचाकी काढावी लागत असेल, तर इमारतीभोवतीचा रस्ताही तितकाच उपयोगी आहे. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने उतरताना तरी जिना वापरावा, आणि काही आठवड्यांनी चढतानाही वापरावा. किलोमीटरभरावरील बाजार पायी गाठला की जाण्यायेण्यात सुमारे पंचवीस मिनिटे होतात. कचेरीत दर तासाला उठून दोन-चार मिनिटे पाय मोकळे करावेत. दूरध्वनीवर बोलताना उभे राहावे. घर झाडणे, फरशी पुसणे, पाणी भरणे ही कामे घरातील सर्वांनी वाटून घेतली, तर श्रमाची विभागणी होते आणि एकट्या गृहिणीवर भारही पडत नाही.

हवामानाचा विचार आवश्यक आहे. मे-जून महिन्यांत जयपूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. अशा दिवसांत सूर्योदयाच्या सुमारासच चालणे उरकावे, पुरेसे पाणी प्यावे, आणि चक्कर किंवा मळमळ वाटताच सावलीत थांबावे. उलट हिवाळ्यात पहाटेची हवा धूर व धुळीने जड असते. तेव्हा ऊन वर आल्यावर, रहदारीपासून दूर चालणे हितकर.

स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामासाठी महागडी साधने लागत नाहीत. उठाबशा, जोर, भिंतीला हात टेकून केलेले सोपे जोर एवढे पुरे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा शाळाशाळांतून प्रसार केला, ते सूर्यनमस्कारही यासाठी उपयुक्त आहेत. मात्र नमस्कारांच्या संख्येची चढाओढ करू नये. आपल्या श्वासाला जी गती मानवते, ती योग्य.

बैठ्या माणसाने आरंभी दहा मिनिटे चालावे. दर आठवड्यास पाच मिनिटांची भर घातली, तर पाचव्या आठवड्यात तो सहज अर्ध्या तासावर येतो. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी चुकू नये, एवढे पुरे.

व्यायामाच्या जोडीच्या सवयी

व्यायाम हा एकटा रक्षक नव्हे. तंबाखू सोडणे हे त्याच्या आधीचे पाऊल आहे. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते किंवा मिश्रीने, खैनीने हृदयाला काही होत नाही, या समजुतींना आधार नाही. धूम्रपान सोडल्यावर सुमारे एका वर्षात त्यापासून निर्माण झालेला हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. इतका मोठा लाभ इतक्या थोड्या काळात देणारी औषधे फार नाहीत.

आहारात प्रथम मिठाकडे पाहावे. दिवसाला ५ ग्रॅमांपेक्षा, म्हणजे सुमारे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड, फरसाण, शेव यांतून ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. जयपूरची कचोरी काय किंवा आपला वडापाव काय, सणावारी खाण्यास हरकत नाही. तो रोजचा नाश्ता होऊ नये, आणि एकच तेल पुनःपुन्हा तापवून त्यात तळलेला तर नसावाच. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हृदयास विशेष घातक असल्याने भारतात २०२२ पासून खाद्यतेले व तत्सम मेद यांत त्याचे प्रमाण दर शंभरी दोनपर्यंतच ठेवण्याचे बंधन आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, ऋतुमानाची फळे, मूठभर शेंगदाणे हा आपला जुना साधा आहार हृदयाचा मित्रच आहे. मात्र त्याचे पोषण तेलातुपाच्या व साखरेच्या ओघात बुडू देऊ नये.

झोप सुमारे सात तास असावी. मद्य हृदयाला हितकारक असते, या समजुतीवर विसंबू नये. मनावरचा ताण पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु नियमित चालणे, पुरेशी झोप आणि माणसांची सोबत यांनी तो पुष्कळ हलका होतो.

उच्च रक्तदाब व मधुमेह बहुधा आपण होऊन हाक देत नाहीत. म्हणून तिशीनंतर दरवर्षी दोन्हींची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ही सोय विनामूल्य उपलब्ध आहे. रक्तदाब पुनःपुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. चालू असलेले औषध ‘आता व्यायाम करतो’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सावधगिरी

ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, अथवा चालताना छातीत दाटून येते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायामास आरंभ करावा. वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या माणसाने एकाएकी धावण्याच्या शर्यतीत उतरणे धोक्याचे आहे.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत पसरणे, दरदरून घाम येणे, श्वास कोंडणे ही झटक्याची लक्षणे होत. स्त्रियांत व मधुमेही रुग्णांत ती कधी कधी केवळ थकवा, मळमळ किंवा धाप या रूपाने प्रकट होतात. अशा वेळी ‘पोटात वायू धरला असेल’ म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणे जिवावर बेतू शकते. बंद पडलेली रोहिणी जितकी लवकर उघडेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. रुग्णास चालवू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाच्या आलेखाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

एक घड्याळ आणि एक वही एवढ्या साहित्यावर हा प्रयोग वर्गात करता येईल. आजारी विद्यार्थ्यांनी केवळ नोंदी ठेवण्याचे काम करावे.

१. पाच मिनिटे शांत बसून मनगटावरील नाडीचे ठोके एक मिनिट मोजा व लिहून ठेवा.
२. तीन मिनिटे शाळेच्या आवारात झपझप चाला आणि थांबताच पुन्हा मोजा.
३. त्यानंतर प्रत्येक मिनिटाला मोजत राहा. ठोके मूळ संख्येवर येण्यास किती मिनिटे लागली ते नोंदवा.
४. पुढील आठ आठवडे रोज अर्धा तास खेळा किंवा चाला, आणि आठवड्यातून एकदा हीच मोजणी करून आकडे आलेखावर मांडा.

बहुतेकांना असे आढळेल की, श्रमानंतर ठोके पूर्वीपेक्षा लवकर मूळ पदावर येऊ लागले आहेत. हृदयाने केलेल्या प्रगतीची ती नोंद होय.

याच्या जोडीला आणखी एक टिपण करावे. घरातील प्रत्येक मोठे माणूस एका दिवसात किती मिनिटे चालते व किती तास बसते, हे विचारून लिहावे, आणि आजी-आजोबांना त्यांच्या तरुणपणीचा दिवस कसा होता ते विचारावे. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे जगतपुऱ्यात जे घडले तेच आपल्या घरी किती घडले आहे, हे कळेल. मग त्या रात्री जेवणानंतर वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून यावी. आरंभ करण्यास तेवढे अंतर पुरेसे आहे.